तिसरा भाग कुणी लिहिला

५ ऑक्टोबर, होबार्ट

जॅरड आजही आला नाही. दहाला भेटायचं ठरलं होतं. मी आधीच ग्रंथालयात टेबल धरून बसले, टीगन ओल्या केसांनी धापा टाकत उशिरा आली आणि या माणसाचा पत्ता नाही. शेवटी निरोप आला: "सॉरी पोरींनो, आज जमत नाही, जाम अडकलोय." बस्स! कशात अडकलाय, कुणी अडकवलंय, काही नाही. मी वही अशी आपटली की शेजारचा मुलगा उठून लांब जाऊन बसला.

सत्र संपत आलंय. खाजणाच्या पाहणीचा अहवाल आम्हा तिघांनी मिळून द्यायचाय. पहिला भाग माझा, दुसरा टीगनचा, तिसरा जॅरडचा, आणि गुण तिघांना सारखे. हा नियम ज्याने केला त्याला एकदा भेटायचंय मला. जुलै-ऑगस्टच्या थंडीत गुडघाभर चिखलात उभं राहून झुडपं मोजली मी, आणि गुण याला! शिवाय या विषयात चांगले गुण पडले नाहीत तर झुरिकचं माझं विद्यापीठ इथलं अख्खं सत्र धरणार नाही. म्हणजे परत गेल्यावर अर्धं वर्ष पुन्हा. हे मी टीगनला शंभरदा सांगितलंय.

"अगं, येईल तो. होईल सगळं." या बेटावर कशालाही हेच उत्तर. घर पेटलं तरी म्हणतील, होईल सगळं.

मग म्हणाली, "त्याचा हा शेवटचा विषय आहे गं. दोनदा गेलाय. तिसऱ्यांदा गेला तर नावच काढून टाकतील. आणि त्याला डिसेंबरच्या पदवीदानाला स्टेजवर जायचंच आहे."

"मग यावं की इथे!"

"त्याच्या बाबांना जरा बरं नाहीये."

जरा बरं नाही! माझ्या आईचीही पाठ धरलीय. म्हणून मी चिखलात उतरायचं थांबवलं का? आणि डिसेंबरच कशाला? काळा झगा, टोपी आणि फोटो, एवढ्याचसाठी ना? पुढच्या वर्षी काढ म्हणावं फोटो.

९ ऑक्टोबर

सकाळी कपडे धुवायच्या यंत्रात टीगनचे कपडे. मंगळवार माझा आहे. वेळापत्रक मी स्वतः भिंतीवर लावलंय, चार रंगांत. टीगनने त्याखाली पेनने लिहिलंय, "आणि शिंकायचं कधी?" मी बोलायला गेले तर म्हणे, "आल्या बघा घड्याळबाई!" हे नाव जॅरडने ठेवलं, मी आल्यावर पहिल्याच आठवड्यात. आता वर्गातली अर्धी मुलं तेच म्हणतात. यांना माणसाचं खरं नाव घ्यायला काय होतं, देव जाणे.

संध्याकाळी जॅरड स्वतः उगवला. "काय घड्याळ, किती वाजले?"  मी तिसऱ्या भागाचं काय, एवढंच विचारलं. "आहे डोक्यात," म्हणाला. डोक्यात! टीगनने त्याच्यासाठी चीज टोस्ट केले. त्याच्या हातांना चिरा पडल्यात, कपड्यांना मासळीचा वास, घरची मासेमारीची बोट आहे म्हणे. बशी मांडीवर तशीच ठेवून हा बसल्या बसल्या झोपला. मी बोलत होते आणि हा झोपला! टीगनने स्वतःची गोधडी आणून त्याच्या अंगावर घातली आणि मला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. माझ्याच घरात.

जूनपासून एकाच छताखाली राहतोय आम्ही. मला ताप आला होता तेव्हा तिने सूप दिलं होतं, नाही असं नाही. पण गोधडी नव्हती घातली.

दर रविवारी ती त्याच्याबरोबर त्याच्या गावाला जाते, पार दक्षिणेला, डोव्हरला. मला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी गेले नसते.

१६ ऑक्टोबर

आज मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, म्हणून लिहून ठेवते.

आज पुन्हा बैठक होती. जॅरडचा निरोप, "जाम अडकलोय." मी चिडून बाहेर पडले, पायीच निघाले, आणि इस्पितळाच्या मागच्या बागेत महाराज बाकावर बसलेले! शेजारी एक म्हातारा, आणि दोघांच्या हातात कालवांचे 'पाय', म्हणजे पिठाच्या पारीत कालवं भरून भाजलेला तो इथला प्रकार. भर उन्हात अंग सैल सोडून बसलेत. म्हाताऱ्याच्या डोक्यावर लोकरीची टोपी, मांडीवर चादर. या हवेत, विचार करा! त्याचा खाऊ न खाता तसाच हातात. जॅरड स्वतःचा खाऊन झाल्यावर म्हाताऱ्याचाही खायला लागला आणि काहीतरी बोलून दोघं हसले.

इथे मी तुझ्यासाठी डोळे फोडून आकडे जुळवतेय आणि तू बागेत बसून म्हाताऱ्याच्या हातचं खातोयस! तळपायाची आग मस्तकात गेली. समोर जाऊन चार शब्द सुनावणार होते, पण वळले आणि घरी आले. त्याने मला पाहिलं नाही.

१८ ऑक्टोबर

तिसरा भाग अहवालात आला. वाचायला घेतला आणि दुसऱ्याच ओळीला थांबले. हा जॅरड नव्हे. जॅरडला सरळ वाक्य लिहिता येत नाही. ही टीगन आहे, "एकंदरीत पाहता" सकट. ती स्वयंपाकघरात कांदा कापत होती. मी सरळ विचारलं.

ती म्हणाली, "हो. मी लिहिला. मग?"

"मग काय! ही फसवणूक आहे."

"खाजणात त्याने सगळ्यांत जास्त झुडपं मोजलीत, तुझ्याहूनही जास्त. तुला ओढून कुणी काढलं होतं चिखलातून? आकडे त्याचेच आहेत. मी फक्त लिहिलंय."

"लिहिणं हाच तर भाग आहे त्याचा!"

"लादीना, त्याला वेळ नाहीये."

"बागेत पाय खायला वेळ आहे!" मी सगळं सांगितलं. टीगनची सुरी थांबली. मला वाटलं आता हिला पटलं. ती नुसती बघत राहिली माझ्याकडे, डोळे कांद्याने लाल.

"इथे आपल्या माणसाची चहाडी करत नाहीत," ती म्हणाली. "शाळेत पहिल्या दिवशी शिकतो आम्ही हे. काहीही होवो, मास्तरांकडे जायचं नाही."

"मी नाहीच मुळी तुमच्या माणसांतली."

ती पुन्हा कांदा कापायला लागली. नाही म्हणायला हवं होतं तिने. निदान एकदा.

१९ ऑक्टोबर

ग्रेमना कळवलं. आमचे प्राध्यापक. सगळे त्यांना नुसतं ग्रेम म्हणतात, माझ्या जिभेला ते अजून जड जातं. जे खरं ते लिहिलं: बैठकांना न येणं, बागेतलं ते दृश्य, तिसरा भाग टीगनने लिहिला ते. आमच्याकडे यात कुणाला काही वावगं वाटलं नसतं. शेजारच्याने चुकीच्या दिवशी कचरा बाहेर ठेवला तर आम्ही कळवतो, आणि तोही दुसऱ्या दिवशी हसून नमस्कार करतो.

दोनदा पुसून पुन्हा लिहिलं. पाठवलं. मग भिंतीवरचं वेळापत्रक काढून पुन्हा सरळ लावलं. 

२३ ऑक्टोबर

ग्रेमनी तिघांना खोलीत बोलावलं. मी तयारीने गेले होते, तारखा, सगळं. काहीच लागलं नाही.

ग्रेमनी विचारलं, "जॅरड, तिसरा भाग तू लिहिलास?"

टीगन मध्येच म्हणाली, "आम्ही तिघांनी मिळून केलंय सगळं." साफ खोटं, माझ्या तोंडावर! मी उसळून बोलणार तोच जॅरड म्हणाला, "राहू दे, टीग. लादीना म्हणते ते खरंय. मी नाही लिहिला."

"घरचं काही असेल तर आत्ता सांग," ग्रेम म्हणाले. "अशा वेळी सवलत असते. मागावी मात्र ज्याची त्यालाच लागते."

टीगनने टेबलाखालून त्याला लाथ मारली. मला लागली ती.

"नाही, काही नाही," जॅरड म्हणाला. "माझंच चुकलं. ठीक आहे."

जॅरड नापास. टीगनचे निम्मे गुण कापले. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. जॅरडचं लिहिलं होतं मी, टीगनचं कुठे लिहिलं होतं? म्हणजे लिहिलं होतं, पण तसं नव्हतं. माझा भाग वेगळा तपासणार.

बाहेर आल्यावर जॅरडने माझ्यासाठी दार धरलं. "जपून, पायरी ओली आहे," म्हणाला. निदान भांडायचं तरी! चार शिव्या तरी हासडायच्या! मी तासभर स्वच्छतागृहात बसून होते. कशासाठी, माहीत नाही.

३० ऑक्टोबर

घर एकदम सुधारलंय. टीगन मंगळवारी यंत्राला हात लावत नाही. भांडी वेळेवर घासते. "लादीना, मीठ देतेस का? आभारी आहे." "लादीना, दिवा बंद केला तर चालेल ना?" वर्गातली मुलंही आता माझं नीट पूर्ण नाव घेतात. पाच महिने बोंबलत होते मी हेच करा म्हणून. शेवटी शिस्त लागली.

इतकं शांत असतं की फ्रीजचा आवाज ऐकू येतो. काल आईने फोनवर विचारलं, "तुझी ती मैत्रीण काय म्हणते, नेहमी मागून ओरडत असते ती?" मी म्हटलं, अभ्यास आहे तिला. आणि आईवरच खेकसले.

६ नोव्हेंबर

गुण आले. वर्गात पहिली. झुरिकचा प्रश्न सुटला. आईने आत्याला सांगितलं, आत्याने सगळ्या गावाला. टीगन म्हणाली, "अभिनंदन, लादीना." हस्तांदोलन केलं. हस्तांदोलन! मला तिच्या हातावर फटका मारावासा वाटला.

एकटीच बाहेर जाऊन एक ग्लास वाइन प्यायले. आंबट होती.

९ नोव्हेंबर

दुपारी दार वाजलं. टीगन कामावर गेलेली. दारात तो म्हातारा! बागेतला, लोकरीच्या टोपीचा. कठड्याला धरून उभा, श्वास लागलेला.

"टीग नाही का? मी मर्व. जॅरडचा बाप. त्याला औषधाच्या दुकानात वेळ लागणार होता, म्हणाला तोवर इथे बस." आवाज खरवडल्यासारखा. गळ्यावर भाजल्यासारखा लाल चट्टा. तो चट्टा पाहिला आणि मला कळलं: कॅन्सर, किरणोपचार. एवढी शिकलेली मी, इस्पितळाच्या मागच्या बागेत, उन्हाळ्याच्या तोंडावर, लोकरीची टोपी आणि चादर. आणि मला काय दिसलं, तर पाय!

मी खुर्ची दिली, चहा केला. त्यांनी तो निववून थेंबथेंब घेतला. "गिळता येत नाही बघ. तरी पोरगा दर खेपेला कालवांचा पाय घेऊनच येतो. मी धरून बसतो, मग तो खातो. नाहीतर नर्सबाई रागावतात ना मला, खाल्लं नाही म्हणून."

"बोटीवर कोण जातं मग?" मी विचारलं. पाच महिन्यांत मी जॅरडबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न असेल.

"तोच. पहाटे बोट, मग मला इथे आणायचं, मग तुमचं खाजण. घरी मी काही बोललो की म्हणतो, होईल सगळं."

मी कपाटातून बिस्किटं काढली आणि त्यांना गिळता येत नाही हे आठवून परत ठेवली.

"तू स्वित्झर्लंडची ना? घड्याळ तूच." ते हसले. "जॅरड सांगतो, या पोरीच्या तोंडून खोटं निघायचं नाही, फार कडक. म्हणून तुला विचारतो. तो झाला ना पास? मला म्हणतो झालो. पण तो काय, मला बरं वाटावं म्हणून काहीही म्हणेल. अठरा डिसेंबरला पदवीदान आहे. मी सदरासुद्धा घेऊन ठेवलाय. आमच्यात कॉलेजचं तोंड पाहिलेला तो पहिलाच."

मी त्यांच्याकडे बघत होते. 

"झाला," मी म्हटलं. "पास झाला. चांगले गुण पडले."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि सोडेचनात. "तुम्हा पोरींनीच ओढून नेलं त्याला," म्हणाले. तेवढ्यात जॅरड आला. त्यांना हळूच गाडीत बसवलं. मी मागून गेले, आणि गाडीचं दार लागल्याबरोबर त्याला बाजूला खेचलं.

"काय सांगितलंस त्यांना?" त्यानेच विचारलं.

"पास झालास म्हणून."

त्याने मान खाजवली. "बरं केलंस."

"बरं काय केलं? अठराला काय करणार आहेस?"

"डॉक्टर म्हणतात, अठरापर्यंत बहुतेक नाहीत."

"आणि असले तर?"

"तर माझ्याएवढा सुखी माणूस टास्मानियात नसेल. आणि माझ्याएवढी गोची पण कुणाची नसेल." आणि हसला, मूर्ख!

मी ओरडले. रस्त्यात उभं राहून ओरडले. "मला का नाही सांगितलंस? ग्रेमनी तोंडावर विचारलं, तेव्हा का नाही बोललास?"

"सगळ्यांसमोर बापाचं आजारपण पुढे करून गुण मागू? ते कळलं असतं तर बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलं असतं. आणि तुला टीगने सांगितलं होतं की, बरं नाही म्हणून."

"जरा बरं नाही, म्हणाली!"

"मग काय म्हणायचं?" त्याला खरंच कळत नव्हतं मी का चिडलेय. गाडीतून म्हाताऱ्याने हात हलवला. मीही हलवला.

घरात येऊन बसले आणि मनात आलं: अठराच्या आत झालं तर जॅरड सुटेल बिचारा. मी हा विचार केला. कुणाच्या तरी बापाबद्दल. माझ्यामुळे.

१० नोव्हेंबर

सकाळीच ग्रेमकडे गेले. सगळं सांगितलं, आणि माझे गुण तिघांत वाटा म्हटलं. ग्रेमनी चष्मा काढून डोळे चोळले. "गुण म्हणजे काय केक आहे का, लादीना? लेखन त्याचं नव्हतं, ते त्याने स्वतः कबूल केलंय. सवलत मागायची मुदत गेली, आणि मागायची त्यानेच होती. मी तुझ्यासमोर विचारलं त्याला."

"तेव्हा मी खोटं बोलले असते तर?"

"तर आज इथे आली नसतीस."

मला या माणसाचा इतका राग आला! एक शब्द चुकीचा बोलला नाही.

संध्याकाळी टीगनला म्हटलं, "तू मला स्पष्ट सांगायला हवं होतंस. मरायला टेकलाय म्हणून सांगायला हवं होतंस!"

"जॅरडने शपथ घातली होती. आणि काय गं, कारण माहीत असतं तरच गप्प बसली असतीस का? नसतं माहीत तर नाही?"

मी म्हटलं, हो. तसंच. त्यात काय चूक आहे? ती म्हणाली, तेच तर. आणि मग आम्ही खूप भांडलो, पार जूनपासूनचं काढून. तिने माझं वेळापत्रक काढलं, मी तिचे केस नाहणीच्या जाळीत अडकतात ते काढलं. ती मला इतकं घाणेरडं बोलली, जितकं आजवर कुणी बोललं नव्हतं. त्यानंतर प्रथमच नीट झोप लागली.

१४ नोव्हेंबर, विमानतळ

टीगनने सोडलं.  उतरताना म्हणाली, "पोचलीस की कळव." मी म्हटलं, "तूही कळव. अठराचं." मान हलवली. मिठी वगैरे नाही.

माझा जीव जळतोय. जाऊन काय करणार आहे मी घरी? थांबून तरी काय केलं असतं?

१८ डिसेंबर, कूर, स्वित्झर्लंड

बर्फ साचलंय. सकाळपासून फोन हातातच. आई दोनदा म्हणाली, "जेव तरी."

टीगनचा निरोप आत्ता आला, लांबलचक. म्हातारा अठरापर्यंत टिकला. चाकाच्या खुर्चीतून आला, नवा सदरा घालून. कॉलरमध्ये आणखी एक मान मावली असती म्हणे. जॅरड सकाळी खरं सांगणार होता. सांगायला खोलीत गेला तर म्हातारा दाढी करून तयार बसलेला. मग हा तसाच परत फिरला. भाड्याचा झगा चढवला आणि बापाच्या खुर्चीशेजारी बसला, मागच्या रांगेत. आजाऱ्यांची मुलं तिथूनच जातात स्टेजवर, असं काहीतरी सांगितलं.

आडनाव व्हिटन. म्हणजे इंग्रजी मुळाक्षरांत अगदी शेवटाकडे. नावं पुकारत गेली. टीगन म्हणते, ती पत्रिकेवरची उरलेली नावं मोजत होती. आणि त्याचं आडनाव यायच्या जरा आधी मर्वची मान खाली गेली, डोळे मिटले. झोपले. औषधाने ग्लानी येते त्यांना. झोपेत जॅरडच्या झग्याची बाही मात्र मुठीत आवळून धरलेली, इतकी घट्ट की उठायचं म्हटलं असतं तरी त्याला उठता आलं नसतं. सगळी नावं संपली, टाळ्या झाल्या, तेव्हा डोळे उघडले. म्हणाले, "छे! झोपच लागली बघ मला. हुकलं. कसा गेलास रे स्टेजवर? नीट गेलास ना?"

जॅरड म्हणाला, "नीट गेलो, बाबा."

मी ते तीनदा वाचलं. मग टीगनला लिहिलं, "नक्की झोपले होते?"

तिचं उत्तर आलं, "हो. गाढ."

मी पुढे काही विचारलं नाही.